रात्रीचा दिवस आणि दहा मिनिटांची डुलकी

‘रात्रीचा दिवस करणे’ हा आपल्या भाषेतील गौरवाचा वाक्प्रचार आहे. विद्यार्थी परीक्षेसाठी रात्रीचा दिवस करतो, आई तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी बसून रात्रीचा दिवस करते, आणि लग्नघरात तर आदल्या रात्री कोणी स्वस्थ झोपलाच, तर त्याचे नाव पुढे दहा वर्षे निघत राहते. उलट, झोपेशी जोडलेले बहुतेक शब्द निंदेचे. ‘झोपा काढणे’ म्हणजे कामचुकारपणा, ‘कुंभकर्ण’ म्हणजे आळशांचा राजा. अर्जुनाचा गौरव करायचा तर त्याला गुडाकेश, म्हणजे निद्रेला जिंकणारा, म्हणायचे. पण हे सारे शब्द घडवताना भाषेने एक गोष्ट मनात गृहीत धरलेली असते. ती अशी, की जागरणाची रात्र ही एखादीच असते. कोजागरीचे जागरण असो, मंगळागौरीचे असो की खंडोबाचे, ते चारचौघांच्या संगतीत होते, गाण्याबजावण्यात होते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी डोक्यावरून पांघरूण घेऊन त्याची भरपाई करता येते. रोजच रात्रीचा दिवस करावयाचा झाला तर माणसाने काय करावे, याबद्दल आपल्या म्हणी फारसे काही सांगत नाहीत. तो विचार करावयाचा असेल, तर बंगळूर शहराकडे वळावे.

या शहराचे आणि रात्रीचे नाते जुने आहे. कावेरीवरील शिवसमुद्रम येथे निर्माण होणारी वीज १९०२ साली प्रथम कोलारच्या सोन्याच्या खाणींना मिळाली, आणि तीन वर्षांनी, ५ ऑगस्ट १९०५ रोजी, बंगळूरच्या बाजारपेठेतील रस्त्यावर विजेचे दिवे लागले. देशात रस्त्यावर वीज पाहण्याचा मान मिळालेल्या अगदी पहिल्या शहरांत त्याची गणना होते. पुढे विमाने, दूरध्वनी यंत्रे, यांत्रिक हत्यारे यांचे मोठमोठे कारखाने आले आणि त्यांच्याबरोबर पाळ्या आल्या. १९६१ पासून एच. एम. टी.ची मनगटी घड्याळे याच शहरात तयार होऊ लागली, आणि एका पिढीने नोकरीचा पहिला दिवस, मुंजीतला आहेर, जावयाचा मान हे सारे त्या घड्याळांवर साजरे केले. तो घड्याळ-कारखाना आता इतिहासजमा झाला आहे. देशाला वेळ दाखविणाऱ्या या शहरातील हजारो तरुण आज दुसऱ्याच देशांच्या घड्याळांवर कामाला जातात, हा काळाचा एक विनोदच म्हणावा लागेल.

हिशेब साधा आहे. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा बंगळुरात उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. कॅलिफोर्नियातील माणूस नऊला कचेरीत येतो, तेव्हा येथे हिवाळ्यात रात्रीचे साडेदहा होतात. त्याच्याबरोबर आठ तास काम करणारा येथील मुलगा घराकडे निघतो तेव्हा दूधवाले आपली फेरी संपवीत असतात. या मुलामुलींत पुण्याची, नागपूरची, बेळगावची मराठी मुलेही पुष्कळ आहेत. त्यांच्या आयांना दूरध्वनीवर पडणारा नित्याचा प्रश्न ‘जेवलास का?’ हा असतो. ‘झोपलास का?’ हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही.

झोप येते कशी, याविषयी स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञ अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली मांडलेली कल्पना आजही उपयोगी पडते. माणसाच्या झोपेवर दोन सत्ता चालतात. एक सत्ता सावकाराची. जागेपणाचा प्रत्येक तास मेंदूत कर्जासारखा साठत जातो. अडेनोसिन नावाचे द्रव्य त्या कर्जाच्या खुणांपैकी एक. दुसरी सत्ता शरीरातील घड्याळाची. ते घड्याळ सूर्यप्रकाशावर लावलेले असते आणि मालकाने नोकरी बदलली म्हणून ते आपले काटे लगेच बदलीत नाही. पहाटे तीन ते पाचच्या सुमारास या दोन्ही सत्ता एक होतात. कर्ज वाढलेले, शरीराचे तापमान उतरलेले, आणि घड्याळ सांगते की ही झोपेची वेळ. आपल्याकडे या वेळच्या झोपेला ‘साखरझोप’ म्हणतात. अंथरुणात असलेल्याला ती साखर. चाकावर हात असलेल्या ट्रकचालकाला मात्र तीच विष होते.

१९९७ साली ऑस्ट्रेलियात झालेल्या एका प्रयोगाने हे कर्ज मापून दाखविले. सतरा तास सलग जागलेल्या माणसाचे हात आणि लक्ष ही रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी ढिली पडतात, आणि चोवीस तास जागल्यावर ती अवस्था ०.१० टक्क्यांच्या आसपास जाते. आपल्या कायद्याने वाहनचालकाला ०.०३ टक्क्यांपर्यंतच मुभा आहे. म्हणजे रात्रभर जागून सकाळी स्कूटरवरून घरी जाणारा निर्व्यसनी गृहस्थ पोलिसाच्या नळीत कितीही स्वच्छ फुंकर घालो, त्याची स्थिती तर्र झालेल्या माणसाहून फारशी निराळी नसते. अधिक वाईट हे, की झोपेला आलेल्या माणसाला आपण कितपत मंदावलो आहोत हे कळत नाही. ‘मला काही होत नाही’ असे सांगणारा दारुडा आणि तसेच सांगणारा जागरणवीर हे दोघे एकाच पंक्तीला बसतात.

तरीही काही कामे अशी असतात की त्यांची वेळ माणसाच्या हातात नसते. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोटा येथून मंगळयान निघाले. ते पृथ्वीभोवती लांबट कक्षेत फिरत होते आणि त्या कक्षेचे दूरचे टोक टप्प्याटप्प्याने वाढवीत न्यावयाचे होते. त्यासाठी यान पृथ्वीच्या अगदी निकट येई त्याच वेळी त्याचे इंजिन पेटविणे फायद्याचे होते, आणि ती निकटता त्या दिवसांत भारतात मध्यरात्र उलटल्यावर येत होती. बंगळुरातील पीण्या भागात इस्ट्रॅक नावाचे केंद्र आहे; तेथून या साऱ्या हालचालींचे नियंत्रण चालले. त्या वेळा नुसत्या वाचल्या तरी डोळे जड होतात. ७ नोव्हेंबरला रात्री १ वाजून १७ मिनिटे. ८ तारखेला २ वाजून १८ मिनिटे. ९ तारखेला २ वाजून १० मिनिटे. एक रात्र मोकळी गेली, आणि ११ तारखेला पुन्हा २ वाजून ६ मिनिटे.

या चौथ्या रात्री काम बिनसले. कक्षेचे दूरचे टोक सुमारे ७१,६२३ किलोमीटरवरून एक लाखापर्यंत न्यावयाचे होते. ते ७८,२७६ वरच थांबले. इंधनाच्या झडपेच्या दोन वेटोळ्यांची, म्हणजे मुख्य आणि राखीव अशा दोन्हींची, एकत्र परीक्षा घेताना इंधनाचा प्रवाह अडला होता. दोष शोधणे, तो यानाच्या प्रकृतीचा नसून त्या परीक्षेच्या जोडणीचा आहे अशी खात्री करणे, नवा हिशेब मांडणे आणि नव्या आज्ञा पाठविणे, हे सारे पुढच्या चोवीस-सव्वीस तासांत उरकले. १२ नोव्हेंबरला पहाटे ५ वाजून ३ मिनिटांनी इंजिन पुन्हा पेटले आणि ते टोक १,१८,६४२ किलोमीटरवर गेले. पुढची खेप १६ तारखेच्या रात्री १ वाजून २७ मिनिटांची. आणि १ डिसेंबरला, रात्री १२ वाजून ४९ मिनिटांनी, सुमारे बावीस मिनिटे इंजिन चालवून यानाला मंगळाच्या वाटेला लावण्यात आले.

अशा रात्रींविषयी बोलताना ‘डोळ्यांत तेल घालून’ हा शब्दप्रयोग हटकून येतो, आणि त्यात खोटे काही नाही. मात्र त्या यशाचे श्रेय केवळ तेल घातलेल्या डोळ्यांना देणे हे त्या लोकांच्या शहाणपणावर अन्याय करणे होय. इंजिन पेटविण्याच्या आज्ञा यानाला आधीच पाठविलेल्या असतात, त्या अनेकांनी तपासलेल्या असतात, आणि नेमक्या क्षणी कोणा एकट्याच्या बोटावर काही अवलंबून राहू नये अशी रचना असते. पहाटे दोन वाजता माणूस कसा असतो हे ठाऊक असणाऱ्यांनीच ती योजलेली असणार. माणूस पेंगणारच, हे धरून चालणे ही जागरणाची पहिली तयारी.

दुसरी तयारी डुलकीची. आपल्या पूर्वजांना ही विद्या अवगत होती. दुपारच्या भोजनानंतर डाव्या कुशीवर थोडा वेळ लवंडण्याला त्यांनी ‘वामकुक्षी’ असे भारदस्त नाव दिले. पुढे पुण्याच्या दुकानदारांनी तिला इतके लांबविले की तिची थट्टाच अधिक झाली. पण मूळ शब्दात कूस आहे, गाढ निद्रा नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. अमेरिकेच्या नासा संस्थेने लांब पल्ल्याच्या विमानांतील वैमानिकांवर १९८९ मध्ये जे प्रयोग केले, त्यांत हीच वामकुक्षी घड्याळ लावून मोजली गेली. प्रशांत महासागरावरून विमान शांतपणे जात असताना एकेका वैमानिकाला आळीपाळीने खुर्चीतच चाळीस मिनिटांची विश्रांती दिली. त्यांना सरासरी सव्वीस मिनिटे झोप लागली. तेवढ्याने त्यांची कामगिरी ३४ टक्क्यांनी आणि सावधपणा ५४ टक्क्यांनी सुधारल्याचे आढळले. हे आकडे पुढे जगभर गाजले. त्यांच्या मागची शिस्त मात्र तितकीशी गाजली नाही. इतर वैमानिक जागे होते, वेळ आधी ठरलेली होती, आणि उठल्यावर पूर्ण भानावर येण्यासाठी वीस मिनिटे राखून ठेवलेली होती.

ही वीस मिनिटे कशासाठी, हे कर्नाटकाने अतिशय दुःखद रीतीने अनुभवले. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान सकाळी सहाच्या सुमारास मंगळूरच्या टेकडीवरील धावपट्टीवर उतरताना पुढे निसटले आणि दरीत कोसळले. १६६ जणांपैकी १५८ मृत्युमुखी पडले. हवाई दलाचे माजी उपप्रमुख एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. विमानातील ध्वनिमुद्रणात शेवटच्या सुमारे दोन तासांचा आवाज होता; त्यातील पहिला एक तास चाळीस मिनिटे मुख्य वैमानिकाचे बोलणे नव्हते, ऐकू येत होते ते घोरणे. विमान योग्य उंचीवर व योग्य वेगात नसतानाही त्यांनी उतरणे सोडले नाही. ‘पुन्हा वर घ्या’ असे सहवैमानिकाने तीनदा सुचविले होते. अपघाताचे मुख्य कारण हेच ठरले. पण त्याला हातभार लावणाऱ्या गोष्टींत चौकशी न्यायालयाने दीर्घ झोपेनंतर राहणारी सुस्ती नोंदविली. जाग येणे आणि उतरण्याची घाई यांत अंतर फार थोडे होते, आणि वेळही शरीराच्या घड्याळाच्या नीचांकाची होती. उड्डाणापूर्वी विश्रांतीला पुरेसा वेळ मिळालेला होता, हेही अहवालाने नमूद केले आहे.

ही सुस्ती येते कशी ते समजण्याजोगे आहे. डोळा लागल्यानंतर पहिली वीस मिनिटे माणूस झोपेच्या काठावर असतो. हाक मारली की उठतो. अर्ध्या तासानंतर तो खोल पाण्यात जाऊ लागतो. तेथून ओढून काढले तर शरीर उभे राहते आणि बुद्धी मागून येते. कधी दहा मिनिटांनी, कधी अर्ध्या तासाने. सुमारे दीड तासाने झोपेचे एक आवर्तन पुरे होते आणि माणूस पुन्हा काठाशी येतो. म्हणून डुलकी घ्यावयाची तर वीस मिनिटांची घ्यावी, नाहीतर दीड तासाची. घड्याळाचा गजर लावायला लाजू नये. पाऊण तासाची झोप ही सर्वांत फसवी. तिच्यातून उठलेला माणूस ‘झोपलो नसतो तर बरे झाले असते’ असे म्हणतो, आणि त्या घटकेपुरते त्याचे खरेही असते.

रात्रपाळीला जाणाऱ्याने डुलकी पाळीनंतर नव्हे, पाळीपूर्वी घ्यावी, हा अनुभवी परिचारिकांचा नियम शास्त्रालाही मान्य आहे. संध्याकाळचा दीड तास हा पहाटे तीनसाठी टाकलेला पैसा होय. कॉफीच्या बाबतीतही असेच. बंगळूरची फिल्टर कॉफी ही उत्तम वस्तू आहे यात वाद नाही. चिकमगळूर आणि कोडगू येथील मळे हाकेच्या अंतरावर असताना तेथील माणसाने चहाकडे वळावे अशी अपेक्षा कोणी करू नये. पण कॉफी झोपेचे कर्ज फेडीत नाही. ती सावकाराला थोडा वेळ दाराबाहेर उभे करते. अडेनोसिनच्या जागा ती अडवून ठेवते इतकेच. प्यायल्यापासून तिचा अंमल बसण्यास वीस-तीस मिनिटे लागतात, आणि तिचा अर्धा अंश उतरण्यास सुमारे पाच तास. इंग्लंडमधील लफबरो विद्यापीठात पेंगुळलेल्या वाहनचालकांवर प्रयोग झाले तेव्हा असे दिसले, की आधी कॉफी घेऊन लगेच पंधरा मिनिटे लवंडणे हे नुसत्या कॉफीपेक्षा किंवा नुसत्या डुलकीपेक्षा अधिक कामाला येते. झोप मोडते त्याच सुमारास कॉफी चढू लागते. पाळी सकाळी सहाला संपावयाची असेल, तर रात्री दोननंतरचा पेला मात्र आपल्याच दिवसाच्या झोपेवर ओतलेला असतो.

आता ज्याला कोणतीही पाळी नाही आणि तरीही रात्र सरत नाही, त्याचे काय? चिंतेने किंवा उगीचच डोळ्याला डोळा न लागलेल्या माणसाचे शत्रू दोन. एक, भिंतीवरचे घड्याळ. दुसरा, उद्याची भीती. घड्याळ पाहण्याने फक्त वजाबाकी वाढते. अर्धा तास तळमळल्यावर उठून मंद दिव्याखाली काही नीरस वाचावे, पेंग आली की मगच अंथरुणाकडे जावे. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेलाच उठावे, उन्हात फिरून यावे, आणि दुपारी तीनच्या आत एक छोटी डुलकी घ्यावी. एका वाईट रात्रीने माणसाचे फारसे बिघडत नाही. ती भरून काढण्यासाठी दिवसभर पडून राहिल्याने मात्र पुढची रात्रही बिघडते. महिनोन्‌महिने हेच चालले तर ती वैद्याची बाब झाली. १९७४ साली स्थापन झालेल्या बंगळूरच्या ‘निम्हान्स’ या संस्थेत झोपेचा अभ्यास बरीच वर्षे चालू आहे. तेथील संशोधकांनी दीर्घकाळ विपश्यना करणाऱ्यांची झोप तपासली. मध्यम वयात सामान्यतः घटणारी गाढ झोप त्यांच्यात बरीचशी टिकून असल्याचे त्यांना आढळले. याचा अर्थ ध्यानाला बसले की आजच रात्री झोप लागेल, असा कोणी घेऊ नये. ती माणसे वर्षानुवर्षे साधना केलेली होती.

केवळ डुलक्यांवर जगता येईल काय, असेही उत्साही तरुण विचारतात. काही दिवस जगता येते, आणि ज्यांना तसे जगावे लागते ते लोक आहेत. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. एकट्या दर्यावर्दीला सुकाणू सोपवायला दुसरा कोणी नसतो. वारा आणि जहाजांची वर्दळ पाहून तुकड्यातुकड्यांनीच झोपावे लागते. पण ती समुद्राची सक्ती असते. जमिनीवर हीच सवय म्हणून लावून घेऊ पाहणाऱ्याचे कर्ज फिटत नाही, केवळ हप्ते पडतात. रात्रपाळीमुळे शरीराचे घड्याळ वर्षानुवर्षे विस्कटत राहणे हे कर्करोगाचे संभाव्य कारण आहे, असे मत जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली नोंदविले आणि २०१९ मध्ये ते कायम ठेवले.

आणि येथे प्रश्न एकट्याचा राहत नाही. २०२२ च्या मे महिन्यात बंगळुरातील वेकफिट या गाद्या बनविणाऱ्या कंपनीने आपल्या नोकरांना दुपारी दोन ते अडीच झोपण्याचा अधिकार जाहीर केला. गाद्या विकणाऱ्याने झोपेची महती गावी यात आश्चर्य नाही. तरी ‘अधिकार’ हा शब्द कचेरीच्या कागदावर आला, हे लहान काम नव्हे. त्या शब्दाला खरा अर्थ आला तो मात्र गादीवर न झोपलेल्या एका माणसामुळे. कल्याण कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळाच्या कुष्टगी येथील आगारातील एक शिपाई कामावर असताना झोपलेला कोणीतरी चित्रित केला. ती चित्रफीत घरोघरच्या दूरध्वनींवर फिरली, महामंडळाची अब्रू गेली असे ठरले, आणि १ जुलै २०२४ रोजी त्याला निलंबित करण्यात आले. त्याचे म्हणणे एवढेच होते, की लागोपाठ दोन पाळ्या कराव्या लागल्याने आपण दहा मिनिटे डोळे मिटले.

प्रकरण कर्नाटक उच्च न्यायालयात आले. न्यायमूर्ती एम. नागप्रसन्न यांनी २०२५ साली दिलेल्या निर्णयात पाळ्यांचा हिशेब पाहिला. चोवीस तासांत सोळा तास, आणि असे साठ दिवस विश्रांतीवाचून. न्यायालयाने मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील विश्रांतीच्या कलमाकडे आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस, दिवसाला आठ तासांच्या आंतरराष्ट्रीय मर्यादेकडे बोट दाखविले. झोप हिरावून घेतलेला माणूस कोठेही झोपी जाईल, आज तो शिपाई आहे, उद्या दुसरा कोणी असेल, अशा आशयाचे मत दिले. एकाच पाळीचे काम असताना हा मनुष्य झोपला असता, तर ते निःसंशय गैरवर्तन ठरले असते, हेही न्यायालयाने त्याच निर्णयात स्पष्ट केले. निलंबन रद्द झाले. सेवेत खंड पडला नाही असे मानले गेले, आणि त्या काळाचे वेतनही त्याला देण्याचा आदेश निघाला.